खांदा बरा होत असताना कुठला कीबोर्ड: ८८ पट्ट्यांचा, ६१चा की अगदी छोटा?

खांदा दुखावल्यानंतर पुन्हा वाजवायची परवानगी मिळाली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ का?’ पट्टी जड म्हणजे ताण जास्त, असा हिशोब. मला तो अर्धवट वाटतो. पियानोसारखी वजनदार पट्टीसुद्धा साधारण ५० ग्रॅमने खाली जाते, तीही जेमतेम १० मिलिमीटर. ते काम बोटांचं आणि कोपरापुढच्या हाताचं. खांदा दमतो तो हात बाजूला लांब न्यावा लागला की, किंवा बराच वेळ अधांतरी धरावा लागला की. म्हणून आधी वाद्याची रुंदी आणि उंची बघा; पट्ट्यांच्या वजनाचं नंतर.

८८ पट्ट्यांची ओळ सुमारे १२२ सेंटीमीटर भरते, ६१ची सुमारे ८५. मधोमध बसलात तर पहिल्यात टोकाचा सूर साठेक सेंटीमीटरवर, दुसऱ्यात चाळीसच्या थोडा पुढे. या फरकातच कोपर बरगड्यांपासून सुटतं. रोटेटर कफ (खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांचे कंडरे) फाटून शिवला असेल, तर हात स्वतःच्या ताकदीने असा बाजूला उचलणं सुरुवातीचे कित्येक आठवडे बंद असतं. खांदा निखळून बसवला असेल, तर हात बाजूला उचलून बाहेर वळवायला मनाई असते. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा आखडून बसतो त्या दुखण्यात, तर बाहेर वळणंच सगळ्यात आधी आखडतं. उजव्या हाताला वरचे सूर नको होतात ते त्यामुळे. बऱ्याच ६१वाल्यांत सप्तक बदलायचं बटण असतं. ते दाबलं की वरचे सूर हाताखाली येतात, खांदा जागचा हलत नाही.

तरी घरात ८८ आधीच असेल तर लगेच दुसरं वाद्य घ्यायला धावू नका. स्टूल दुखऱ्या बाजूला थोडं सरकवा, म्हणजे लागणाऱ्या पट्ट्या त्या खांद्याच्या समोर येतील, आणि काही काळ मधल्या तीन सप्तकांतच राहा. फुकटातला उपाय आहे, आणि कितीतरी जणांचं काम तेवढ्यावर भागतं.

उंचीत मात्र ६१वाला बऱ्याचदा हरतो, आणि दोष वाद्याचा नसतो. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून ७२ सेंटीमीटरच्या आसपास असतात. साधं टेबलच ७५चं, त्यावर कीबोर्डची स्वतःची जाडी. मग खांदे कानाकडे चढतात आणि तसेच राहतात. एक्स आकाराचा स्टँड खाली घेतला तर पाय फाकतात आणि गुडघे अडकतात. खुर्ची उंच करून पायाखाली पाट घेणं त्यापेक्षा बरं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर, दंड सैल लोंबलेला, एवढं जमलं पाहिजे.

वजनाचा मुद्दा खरा येतो तो वाद्य हलवताना. ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड चार-पाच किलोचा. वजनदार पट्ट्यांचे ८८वाले अकरा-बारा किलोंपासून पुढे, तेही स्टँडशिवाय. रोज काढून ठेवायचा असेल तर ८८ बाद. दुसऱ्या कुणीतरी एकदा मांडून दिला आणि तो तिथेच राहणार असेल, तर ही अडचण उरत नाही.

२५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड मांडीवर उशी घेऊन, हात टेकवून वाजवता येतो, हे त्याचं एकमेव पण मोठं सुख. बाकी तक्रारीच जास्त. दोनच सप्तकं, त्यात पट्ट्या अरुंद असतील तर मनगट वाकडं होतं, खाली बघून मान अवघडते, आणि यातल्या बऱ्याच वाद्यांना स्वतःचा आवाजच नसतो. फोन किंवा संगणक जोडावा लागतो. हात झोळीत आहे पण बोटं-मनगट हलवायला सांगितलंय, तेवढ्या काळापुरतं ठीक. त्यासाठी मुद्दाम विकत घेऊ नये, कुणाकडून तरी मागून आणावा.

कुठला हात दुखावलाय यावरही बरंच ठरतं. डावा असेल तर रिदम (आपोआप वाजणारी ताल-साथ) असलेला ६१वाला फार सोयीचा: डाव्या हाताच्या बोटाने एकदा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) दाखवली की हात उचलला तरी साथ चालू राहते, बोट पुन्हा लागतं ते कॉर्ड बदलतानाच. उजवा असेल तर माझं मत ८८कडे झुकतं, कारण एकट्या डाव्या हाताने वाजवायच्या रचना पाश्चात्त्य पियानोत भरपूर आहेत. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पाउल विटगेनश्टाईन या पियानोवादकाने नामवंत संगीतकारांकडून त्या मुद्दाम लिहून घेतल्या होत्या. त्यांना पूर्ण रुंदी आणि पेडल लागतं. दुखरा हात मांडीवर निवांत राहतो.

घ्याल ते घ्या, टच सेटिंग (पट्टी किती जोराने दाबली की किती आवाज येतो, ते ठरवणारं) ‘लाइट’ करा आणि आवाज थोडा चढा ठेवा. आवाज बारीक असला की माणूस नकळत जोर लावतो. वाजवताना काही जाणवलं नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवेना, तर दुसऱ्या दिवशी वेळ निम्मा करा. तसं सलग होत राहिलं, तर वाद्य बदलण्याआधी फिजिओथेरपिस्टना आपली बसण्याची पद्धत दाखवा. बाजूने काढलेला छोटा व्हिडिओ पुरतो.