वेर्दों की तार्न? फ्रान्समधल्या घळईच्या गावी मुक्काम ठरवताना

दक्षिण फ्रान्समध्ये चार-पाच दिवस मोकळे आहेत, शहरं पुरे झाली, आता एखाद्या घळईपाशी लहानशा गावात राहायचंय, असं ठरलं की हमखास दोन नावं समोर येतात. एक वेर्दों, प्रोव्हांसमधली. तिच्यासाठी मुक्काम मुस्तिए-सेंत-मारी या गावात. दुसरी तार्न, लोझेर जिल्ह्यातली. तिथलं गाव सेंत-एनिमी. नुसते फोटो बघून निवडायचं तर वेर्दोंच जिंकणार, त्यात वाद नाही. पण सोबत आई-वडील असतील, किंवा निसर्गाइतकीच जुन्या वस्तीचीही ओढ असेल, तर मी तार्नच सुचवेन.

फरक मुळातच आहे. वेर्दोंच्या तळाशी गाव कधी वसलंच नाही. सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीची ही घळई काही ठिकाणी सातशे मीटर खोल आहे आणि तळाला नदीखेरीज जागाच नाही. ला पालूद, रुगों ही गावं वर काठावर, आणि मुस्तिए तर घळई संपते तिथे, बाहेर. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल हा गुहा धुंडाळणारा माणूस 1905 साली साथीदार घेऊन आत उतरला, तेव्हा कुठे ती पहिल्यांदा नीट पार झाली. म्हणजे आयफेल टॉवर उभा राहून सोळा वर्षं झाली होती!

तार्नचं उलट आहे. इथे गावं तळातच, नदीला चिकटून वसलेली. दोन्ही बाजूंना चुनखडीची उघडी, वाऱ्याची पठारं, त्यांना तिथे ‘कोस’ म्हणतात. पठारावर पडलेला पाऊस दगडात जिरतो आणि खाली झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. घळईच्या सगळ्या लांबीत तार्नला वरून येऊन मिळणारी वाहती उपनदी नाही. जिथे झरा तिथे गाव, हे गणित. उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या जुन्या शेतजमिनी अजून दिसतात.

मुस्तिए-सेंत-मारी

गाव देखणं आहे, आणि ते त्याला पुरेपूर ठाऊक आहे. दोन कड्यांच्या खाचेत वसलेलं, मधून ओढा, आणि डोक्यावर दोन्ही कड्यांना बांधलेल्या साखळीला टांगलेला सोनेरी तारा. क्रूसेडमध्ये कैद झालेल्या ब्लाकास नावाच्या सरदाराने सुखरूप परत आल्यावर नवस फेडला, अशी कथा सांगतात. वरच्या नोत्र-दाम-द-बोव्हुआर या चॅपेलला 262 पायऱ्या आहेत. जेजुरी चढणाऱ्याला काही विशेष नाही, पण दगड झिजून गुळगुळीत झालेत, पावसात जपून.

इथला खरा इतिहास मातीच्या भांड्यांचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्या झिलईच्या चिनीमातीसारख्या भांड्यांची कला इथे रुजली. चौदाव्या लुईने युद्धखर्चासाठी चांदीची ताटं-भांडी वितळवायला लावली, आणि उमरावांच्या जेवणाच्या टेबलावर या भांड्यांची चलती झाली. एकोणिसाव्या शतकात भट्ट्या विझल्या. 1927 मध्ये मार्सेल प्रोव्हांस यांनी त्या पुन्हा पेटवल्या. संग्रहालय छोटं आहे, तासाभरात होतं. दुकानांतल्या किमती बघून मात्र बहुतेक जण एखाद्या वाटीवर समाधान मानतात.

घळईसाठी गावातून गाडी काढावीच लागते. ला पालूदपासून निघणारा ‘रूत दे क्रेत’ हा साधारण तेवीस किलोमीटरचा फेरा म्हणजे वेर्दोंचं सार. एक टप्पा एकेरी आहे, म्हणून ला पालूदच्या पूर्वेकडच्या टोकाने शिरा, नाहीतर अर्ध्यातून परत फिरावं लागतं. हिवाळ्यात हा रस्ता बंद असतो. कठड्याशी उभं राहिलं की खाली हिरव्या दोऱ्यासारखी नदी, आणि बरेचदा पायाखालून गिधाडं तरंगत जातात. धडधाकट असाल तर ब्लां-मार्तेल पायवाट करा: पंधरा-सोळा किलोमीटर, सहा-सात तास, ब्रेश आंबेर इथे उभ्या लोखंडी शिड्या आणि वाटेत बोगदे. हे बोगदे अर्धवट सोडलेल्या जलविद्युत योजनेसाठी खोदलेले. बॅटरीशिवाय आत काही दिसत नाही, मोबाइलच्या उजेडावर भिस्त ठेवू नका. नदीकाठी वेळ काढताना हेही लक्षात असू द्या, की वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी अचानक वाढते. तसे फलक आहेत, आणि ते शोभेचे नाहीत.

खालचा सेंत-क्रुआ जलाशय 1970च्या दशकात धरणामुळे झाला. ले साल-स्युर-वेर्दों हे जुनं गाव पाडून पाण्याखाली घातलं आणि वरच्या अंगाला त्याच नावाचं नवं वसवलं. कोयना-उजनीच्या मुलखातल्या माणसाला ही गोष्ट नव्याने समजावून सांगायला नको. पों द्यु गालेता या पुलाजवळ पॅडल-बोट घेऊन घळईच्या तोंडातून थोडं आत जाता येतं, मुलांना हे फार आवडतं. पण पाणी असेल तरच: 2022च्या दुष्काळात जलाशय इतका खाली गेला की बोटी आत जाणंच थांबलं.

सेंत-एनिमी

गाव एका राजकन्येच्या नावाचं. मेरोव्हिंजियन या फ्रान्सच्या जुन्या राजघराण्यातल्या राजाची मुलगी एनिमी हिला लग्न नको होतं. तिने देवाकडे आपलं रूप जावं म्हणून प्रार्थना केली आणि तिला कुष्ठरोग झाला. ब्युर्ल नावाच्या इथल्या झऱ्यात अंघोळ केल्यावर ती बरी झाली, पण खोरं सोडून निघाली की रोग परत अंगावर यायचा. शेवटी ती इथेच राहिली आणि तिने मठ स्थापन केला. कथा कथेच्या जागी. तो झरा मात्र आजही गावात वाहतो, आणि वर कड्यात तिच्या नावाची छोटी गुहा-चॅपेल आहे. अर्ध्या-पाऊण तासाची चढण, वरून सगळी छपरं आणि नदीचं वळण दिसतं. बाकी गाव म्हणजे गोट्यांच्या फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, मध्ययुगीन चर्च, मठाचे राहिलेले भाग. हे सगळं एका दुपारीत होतं, आणि संध्याकाळी दिवसभराचे प्रवासी गेले की गल्ल्या रिकाम्या होतात.

नदीकाठाने चौदाएक किलोमीटरवर ला मालेन. इथले नावाडी सपाट तळाच्या बोटीतून लांब काठीने ढकलत तुम्हाला प्रवाहाबरोबर खाली नेतात: आठेक किलोमीटर, तासभर. ‘देत्रुआ’ या चिंचोळ्या भागात दोन्ही कडे इतके जवळ येतात की नावाडी बोलायचा थांबतो आणि काठीचा दगडावरचा खणखणाट तेवढा ऐकू येतो. पुढे बोमचा अर्धवर्तुळाकार कडा, तिथे उतरून गाडीने परत. पायऱ्या नाहीत, चढ नाही, सत्तरीच्या माणसालाही घळईच्या पोटातून जाता येतं. वेर्दोंमध्ये ही सोय नाही. माझं पारडं इकडे झुकतं ते मुख्यतः यामुळे. परतल्यावर ला मालेनच्या वरच्या कड्यावरचा काळा डाग शोधा. 1793 मध्ये क्रांतीच्या धामधुमीत सैनिकांनी गाव जाळलं, तेव्हा एका घरात साठवलेल्या अक्रोडाच्या तेलाच्या धुराने तो पडला, असं गावात सांगतात.

एक दिवस कोस मेजां या वरच्या पठारावर द्या. आव्हां आर्मां ही गुहा 1897 मध्ये ले रोझिएच्या लुई आर्मां या लोहाराला सापडली; त्याच्या मागे पुन्हा तोच मार्तेल होता. आत चारशेच्या आसपास चुनखडीचे खांब आहेत, सगळ्यात उंच तीस मीटरचा. केबलने ओढलेल्या रेल्वेच्या डब्यातून खाली नेतात. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत थंडी असते, स्वेटर ठेवा.

शेजारच्या जोंत घळईत गिधाडं बघा. इथून ती नाहीशी झाली होती. 1981 पासून पुन्हा सोडली आणि आता चांगली रुळली आहेत. वेर्दोंलाही 1999 पासून आणली, पण कोसवर मेंढपाळच मेलेली मेंढी ठरलेल्या जागी गिधाडांसाठी ठेवतात, सरकारी परवानगीने. आपल्याकडे गुरांच्या औषधातल्या डायक्लोफेनॅकने गिधाडांची काय दशा केली हे आठवलं की ही साधी व्यवस्था अधिकच पटते. मेंढपाळीच्या याच परंपरेसाठी कोस आणि सेव्हेनचा प्रदेश 2011 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला.

जाणं, खाणं, गर्दी

दोन्हीकडे गाडी हवीच, बसच्या भरवशावर जाऊ नका. मुस्तिए मार्सेहून दोन तासांच्या आत, नीसहून अडीचेक तास. सेंत-एनिमीला मोंपेलिएहून अडीच तास धरा. वाटेतला ए75 महामार्ग जवळपास फुकट आहे, टोल फक्त 2004 मधल्या मियोच्या उत्तुंग पुलावर लागतो, आणि तो सेंत-एनिमीसाठी ओलांडावाच लागतो असं नाही. मुद्दाम वाकडी वाट केली तरी पैसे वसूल. 2017 पासून सेंत-एनिमी ‘गोर्ज द्यु तार्न कोस’ या एकत्र ग्रामपंचायतीत आहे, त्यामुळे हॉटेलच्या पत्त्यात हे नाव दिसलं तर गोंधळू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये मुस्तिएत पार्किंग मिळवणं हाच एक उद्योग होतो. लव्हेंडरसाठी जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत जाणार असाल, कारण व्हालांसोलचं पठार जवळच आहे, तर सकाळी नऊच्या आत घळईत असा. तार्नलाही गर्दी होते, पण ती नदीवर कायाकमध्ये असते, गावात कमी. सप्टेंबर दोन्हीकडे उत्तम.

शाकाहारी मंडळींना लोझेरमध्ये ‘आलिगो’ पोटभर होतो: उकडलेला बटाटा, ताजं चीज, क्रीम आणि लसूण घोटून केलेला, हातभर तार सुटणारा प्रकार. सोबत सॉसेज वाढायची पद्धत आहे, आधीच नको म्हणून सांगा. चीजमधलं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध फाडणारं द्रव्य) चालत नसेल तर मात्र हाही बाद. प्रोव्हांसकडे रातातूय (वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी) आणि भाज्यांचे इतर प्रकार सहज मिळतात, त्या बाबतीत मुस्तिए पुढे.

मुलं मोठी, पाय भक्कम आणि हाताशी दोनच दिवस, तर सरळ वेर्दों गाठा. चार दिवस आणि तीन पिढ्या असतील तर सेंत-एनिमी. आदिमानवाच्या चित्रांसाठीच जायचं असेल, तर या दोन्ही सोडून आर्देश घळईतलं व्हालों-पों-दार्क निवडा: 54 मीटर उंचीची नैसर्गिक कमान, आणि 1994 मध्ये सापडलेल्या शोव्हे गुहेची 2015 पासून खुली असलेली प्रतिकृती. मूळ गुहेत पर्यटकांना सोडत नाहीत. लास्को या फ्रान्समधल्याच दुसऱ्या गुहेतली आदिमानवाची चित्रं प्रेक्षकांच्या श्वासाने बिघडली आणि 1963 मध्ये ती गुहा बंद करावी लागली, तो धडा घेऊन.

वेर्दों आणि तार्न एकाच सुट्टीत करायचा मोह होईल. मध्ये चार-पाच तासांचा रस्ता आहे. करायचंच असेल तर आधी वेर्दों उरका, मुक्काम तार्नला लांबवा, आणि पठारावर चढण्याआधी पेट्रोल भरून घ्या.