हेड गॅस्केटचे २७,४०० रुपये आणि ५२० रुपयांचा सेन्सर

गणपतीला दोन दिवस उरले होते. भर पावसात आम्ही पुण्याहून चिपळूणजवळच्या आमच्या गावी निघालो. गाडीत मी, बायको, मुलगा आणि ७१ वर्षांची आई. डिकीत मखराचं सामान आणि गौरीचे मुखवटे. उंब्रज, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो आणि डॅशबोर्डवर पिवळा चेक लाईट लागला. पाठोपाठ एसी बंद पडला. बॉनेटच्या आतून पंख्याचा असा आवाज यायला लागला, की आई घाबरून म्हणाली, "अरे, गाडी बाजूला घे."

बाजूला घेतली. तापमानाचा काटा वर चढलेला नव्हता, उलट सगळ्यात खाली, थंडच्या खुणेवर निपचित पडला होता. गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी नुसती चावी फिरवली, तरी पंखा पूर्ण वेगाने सुरू. स्टार्ट व्हायला बराच वेळ घेतला आणि पेट्रोलचा उग्र वास आला. गाडी २०१४ची, चार सिलिंडरची पेट्रोल. तोवर तिने कधी रस्त्यात दगा दिला नव्हता.

थोड्या अंतरावर रस्त्यालगत एक गॅरेज होतं. प्रकरण आता ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून नाव आणि नेमकी जागा लिहीत नाही. गाडी आत घेताक्षणी मेकॅनिकने बॉनेट उघडलं, ओलं गोणपाट रेडिएटरच्या झाकणावर टाकलं आणि झाकण फिरवलं. वाफेचा आणि पाण्याचा फवारा उडाला. मुलगा किंचाळून मागे झाला.

"बघितलंत साहेब? पाण्यात कॉम्प्रेशन मारतंय. हेड गॅस्केट उडालंय."

हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडरांचा भाग आणि त्यावर बसणारं हेड यांच्या सांध्यातला भोकं असलेला पातळ थर. तो फुटला की सिलिंडरमधला दाब कूलिंगच्या पाण्यात शिरतो, तेच त्याच्या भाषेत कॉम्प्रेशन मारणं. मग गाडी चालू करून त्याने मला सायलेन्सरपाशी नेलं. पांढरा धूर येत होता. "हे पाणी जळतंय. अशीच चालवलीत तर हेड वाकेल, मग लाखाच्या घरात जाईल." मी काट्याबद्दल विचारलं. म्हणाला, "पाणीच उरलं नाही तर काटा काय दाखवणार?" हे मला पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, खूप खाली गेलं तर तापमानाचा सेन्सर कोरडा राहून काटा चुकीचा दाखवू शकतो, हे खरं आहे. त्याच्या बोलण्यात असा एखादा खरा धागा प्रत्येक वेळी असायचा.

त्या फवाऱ्याचा अर्थ मला नंतर कळला आणि तो प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवा. चालू इंजिनातलं कूलंट दाबाखाली असतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार दाब धरून ठेवतं आणि त्यामुळे आतलं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम सुटतो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि बाहेर उसळतं. घाट उतरून आलेल्या कोणत्याही धडधाकट गाडीचं झाकण असं उघडलं तर हेच होऊ शकतं. त्याने आम्हाला दाखवलेला पुरावा हा होता. शिवाय हा प्रकार भयंकर आहे. माझा मुलगा दोन हात पुढे उभा असता, तर त्याचा चेहरा भाजला असता. पांढऱ्या धुराचंही तेच. पावसाळी गार हवेत सायलेन्सरमधून निघणारी वाफ दिसतेच. गॅस्केटचा धूर इंजिन चांगलं गरम झाल्यावरही थांबत नाही आणि त्याला गोडसर वास येतो. हे तपासायला तो थांबला नाही आणि मलाही थांबू दिलं नाही.

त्याने खर्च २७,४०० सांगितला. हेड उतरवणं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं), गॅस्केट किट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, नवीन कूलंट, ऑईल, मजुरी, वर अर्जंट कामाचे १,४००. मी म्हटलं, चिपळूणमध्ये दुसरीकडे दाखवतो. तो म्हणाला, "खुशाल न्या, पण गणपतीत तुमच्या गाडीला कोण हात लावणार? आठवडा जाईल." परवा चतुर्थी, घरात प्राणप्रतिष्ठा माझ्या हातून व्हायची. मी हो म्हटलं. माझ्या खात्यात तेवढे नव्हते. आईने पर्स उघडली आणि गौरीच्या साडीसाठी आणि भाचीच्या ओटीसाठी वेगळे ठेवलेले दहा हजार मोजून माझ्या हातात दिले. बाकीचे मी यूपीआयने पाठवले. सामान रिक्षात टाकून आम्ही गावी गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला गाडी मिळाली. पंखा शांत, काटा मधोमध, चेक लाईट बंद. पावती म्हणून एका वहीचा कागद फाडून दिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं डिकीत टाकत तो म्हणाला, "हे तुमचं जुनं गॅस्केट, बघा कसं जळलंय." कोपरा उलगडून काळा पडलेला भाग दाखवला. मी मान डोलावली आणि निघालो. जुना पार्ट परत देणारा माणूस प्रामाणिक असतो, असंच मी तोवर मानत आलो होतो.

अकरा दिवसांनी एका कामासाठी साताऱ्याला गेलो होतो. परतताना खंबाटकीच्या बोगद्यात तेच सगळं पुन्हा झालं: चेक लाईट, पंखा, एसी बंद, काटा खाली. गॅरेजला फोन लावला तर उत्तर मिळालं, "गाडी इकडे आणा, आता रेडिएटर बदलावा लागेल." तेव्हा पहिल्यांदा मनात शंका आली. गाडी हळूहळू घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना घरीच बोलावलं. तीसेक वर्षं ते गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतात.

काकांनी आधी मला गाडी चालूच करू दिली नाही. "रात्रभर उभी आहे ना? मग थंड इंजिनच आपल्याला खरं सांगेल." स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि चावी फक्त एका टप्प्यावर फिरवली. आत येणाऱ्या हवेचं तापमान २४. कूलंटचं तापमान उणे ४०. बिघाडाचा कोड पी ०११८.

"पुण्यात उणे ४०?" काका म्हणाले. "हा आकडा म्हणजे थंडी नव्हे. सेन्सरकडून काहीच येत नाही, सर्किट तुटलंय. गाडीच्या कॉम्प्युटरला इंजिन किती तापलंय ते कळत नाही, म्हणून तो काळजीने पंखा कायम चालू ठेवतो आणि एसी तोडतो. गाडी तापली म्हणून पंखा फिरत नव्हता."

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट, आतली हवा आणि बाहेरची हवा या तिन्हींचं तापमान जवळपास सारखंच दिसलं पाहिजे. एवढी एक तपासणी कुणालाही घरी करता येते. ब्लूटूथचा साधा स्कॅनर आणि फोनवरचं एखादं अ‍ॅप पुरतं.

पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. आकडा चुकला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं, वायर तुटलेली असू शकते किंवा कपलरमध्ये, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी गेलेलं असू शकतं. थर्मोस्टॅटच्या घराजवळ तो सेन्सर होता, अंगठ्याएवढा, दोन पिनांचा. कपलर काढून त्यांनी मल्टिमीटर लावला. पाच व्होल्ट आले, म्हणजे कॉम्प्युटरकडून येणारा पुरवठा ठीक. मग कपलरच्या दोन्ही पिना बारीक वायरने जोडल्या. स्कॅनरवरचा आकडा उणे ४०वरून थेट १३०च्या पुढे उडाला. वायरिंग आणि कॉम्प्युटर दोन्ही निर्दोष. हा प्रयोग फक्त दोन पिनांच्या सेन्सरवर करायचा, तीन किंवा चार पिना असतील तर वायरिंगचा नकाशा हातात असल्याशिवाय नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

शेवटी सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) मोजला. मीटरवर काहीच नाही. पेचकसाच्या मुठीने हलकेच टकटक केलं, तर क्षणभर २,४०० ओहम दिसले आणि पुन्हा गायब. आतला सांधा तुटला होता, धक्क्याने कधी जुळायचा, कधी सुटायचा. ते अकरा दिवस कसे गेले ते आता कळलं. गॅरेजवाल्याने कपलर काढून पुन्हा बसवला असणार आणि कोड पुसला असणार, बस्स.

नवीन सेन्सर ५२० रुपयांचा. बसवण्याआधी काकांनी स्वयंपाकघरातून गरम पाणी मागवलं आणि मला मुद्दाम दाखवलं. साध्या हवेत सेन्सरचा रोध २,३०० ओहमच्या आसपास होता. ८० अंशांच्या पाण्यात त्याचं टोक बुडवल्यावर उतरत उतरत तो ३००च्या जवळ आला. तापमान वाढलं की रोध घटतो, एवढंच त्याचं काम. बायको आणि आई दोघी दारात उभ्या राहून बघत होत्या. इंजिन थंडच होतं, त्यामुळे झाकण निर्धास्त उघडता आलं. जुना सेन्सर काढून लगेच नवा बसवला, जेमतेम पेलाभर कूलंट सांडलं. नवी रिंग घातली, बेताने आवळला, कारण खालचं घर प्लॅस्टिकचं होतं. सांडलेलं कूलंट भरून हवा काढली. गाडी चालू केल्यावर आकडा २५वरून सावकाश चढत ८८पर्यंत आला, ९६ला पंखा लागला आणि थोड्या वेळाने बंद झाला. काकांनी मजुरीचे ३०० घेतले.

मी त्यांना हेड गॅस्केटची हकीकत सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. टॉर्च घेऊन वाकले. व्हॉल्व्ह कव्हरच्या नटांच्या खाचांत घट्ट बसलेली माती आणि तेलाचा थर होता. "हेड उतरवायचं तर हे कव्हर आधी निघतं. या नटांना वर्षानुवर्षं पाना लागलेला नाही." वॉटर पंपाच्या बोल्टांवर जुना गंज. कूलंट गढूळ, तपकिरी. २७,४०० मधलं एकही काम गाडीवर झालेलं नव्हतं.

तेव्हा मला डिकीतलं पुडकं आठवलं. उघडून काकांच्या हातात दिलं. त्यांनी ते इंजिनावर धरलं आणि मला मोजायला सांगितलं. गॅस्केटला सिलिंडरची भोकं तीन. माझं इंजिन चार सिलिंडरचं.

आई तिथेच पायरीवर बसली. मला तिच्याकडे बघवेना.

मी गॅरेजला फोन केला. आधी म्हणाला, "चुकून दुसऱ्याचं दिलं असेल." मी विचारलं, मग माझं कुठाय? फोन कट झाला, नंतर उचललाच नाही. रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. सोबत फोटो, यूपीआयचा पुरावा आणि काकांनी लिहून दिलेला तपासणीचा कागद. उत्तर आलं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे मला कोकणात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. वकील न देता मीच उभा आहे. एक गोष्ट मात्र माझ्या विरोधात जाते. आईचे दहा हजार रोख दिले आणि हातात आहे तो वहीचा कागद, ज्यावर ना गॅरेजचं नाव ना सही. यूपीआयचे १७,४०० सिद्ध होतात, आईच्या पैशांसाठी मला झगडावं लागतंय. ते पैसेही यूपीआयनेच गेले पाहिजेत, असा आग्रह मी त्या दिवशी धरायला हवा होता.

माझ्या गाडीचं गॅस्केट खरोखर गेलं असतं, तर कूलंट रोज कमी झालं असतं आणि ऑईलची दांडी काढल्यावर बऱ्याचदा दिसतो तसा दुधाळ फेस दिसण्याची शक्यता होती. ऑईलची दांडी मी घाटाखालीच काढून बघू शकलो असतो, अर्धं मिनिट लागलं असतं. कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजा, आणि आकडे लिहून द्या, असं म्हणता आलं असतं. स्कॅनर लावून कोड काय आहे ते मला दाखवा, एवढं एक वाक्य बोललो असतो तरी त्याला माझ्यासमोर उणे ४०चा आकडा काढावा लागला असता.

आता हे सगळं लिहिण्याचं कारण. ते तीन भोकांचं गॅस्केट कुठल्यातरी गाडीतून कधीतरी निघालेलं आहे. ते गॅरेजात तयार होतं, वर्तमानपत्रात गुंडाळूनही ठेवलेलं होतं. पंखा थांबत नाही आणि काटा खाली पडलाय म्हणून आलेली माझी गाडी त्याच्याकडची पहिली नसणार, असं मला राहून राहून वाटतं. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाता-येताना तुमच्या गाडीचं हेड गॅस्केट असंच रस्त्यात, एका दिवसात बदलून मिळालं असेल आणि ते जुनं गॅस्केट अजून डिकीत किंवा माळ्यावर पडलं असेल, तर कृपा करून ते आज खाली काढा आणि त्याची भोकं मोजा.