घरचा सोहळा हेडसेटसाठी: १८० थ्रीडी, ३६० की आयफोनचा स्पेशियल व्हिडिओ?

ठाण्यात आणि नवी मुंबईत हा प्रश्न आता बऱ्याच घरांत निघतो. भाची परदेशात, तिच्याकडे व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी दृश्य बघायचं यंत्र, आणि इकडे मुंज किंवा आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन. 'तिला इथं बसल्यासारखं वाटेल असं काहीतरी काढा' अशी फर्माईश येते. कॅमेऱ्याचा दुकानदार चहूकडचं चित्र घेणारा ३६० कॅमेरा पुढे करतो. लग्नाचा व्हिडिओवाला म्हणतो, फक्त पुढची अर्धी बाजू, पण थ्रीडीत, म्हणजे १८० थ्रीडी करून देतो. घरातलाच कुणीतरी खिशातून आयफोन काढतो आणि म्हणतो, ह्यात स्पेशियल व्हिडिओ, म्हणजे फोनवरचं थ्रीडी, आहे की! तिघांचंही बरोबर आहे, पण तिघं वेगवेगळ्या प्रसंगांबद्दल बोलतायत. माझं मत आधीच सांगून टाकतो: बजेट नंतर बघा. माणसं कॅमेऱ्यापासून किती मीटरवर असणार आणि एकाच बाजूला असणार की चहूकडे, एवढं आधी ठरवा. निवड त्यातच होऊन जाते.

आत काय चालतं

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली, म्हणजे जवळ-लांबचा भास, उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टोनने १८३८ मध्ये दोन आरसे आणि दोन रेखाटनं वापरून दाखवलं होतं. हेडसेटमध्ये तत्त्व तेच आहे. व्हिडिओची फाइल एकच असते, पण तिच्या प्रत्येक फ्रेममध्ये दोन्ही डोळ्यांची चित्रं शेजारी-शेजारी किंवा एकाखाली एक बसवलेली असतात. पहिल्या मांडणीला साइड बाय साइड म्हणतात, दुसरीला टॉप-बॉटम. प्लेअर, म्हणजे व्हिडिओ दाखवणारं अ‍ॅप, ही फ्रेम मधोमध वेगळी करतो, बघणाऱ्याच्या डोक्याभोवती एक गोल कल्पतो आणि त्याच्या आतल्या बाजूला चित्र चढवतो. डाव्या डोळ्याला एक अर्धं, उजव्याला दुसरं. १८० मध्ये पुढचा अर्धाच गोल भरलेला असतो, पाठीमागे काळोख. साध्या ३६० मध्ये गोल पूर्ण असतो, पण दोन्ही डोळ्यांना तंतोतंत एकच चित्र मिळतं. म्हणजे सगळीकडे बघता येतं, खोली मात्र नाही.

मान वळवली की दृश्य सुरळीत फिरतं, त्याचं श्रेय व्हिडिओला नाही. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेम्सचा असला तरी हेडसेट तो गोल सेकंदाला ७२ किंवा ९० वेळा, मानेच्या त्या क्षणाच्या स्थितीप्रमाणे नव्याने काढत असतं. त्यामुळे बसून चाललेल्या पूजेला ३० फ्रेम्स पुरतात. लेझीम, ढोल किंवा मंगळागौरीची फुगडी असेल तर ६० मागा, नाहीतर हात-पाय तुटक दिसतात.

मान वळवता येते, पण जागा सोडता येत नाही. पुढे वाकून ताटात काय आहे ते बघू म्हटलं तर ताट जवळ येत नाही, कारण कॅमेरा वाकलेला नव्हता. कुठलाही साधा व्हिडिओ, थ्रीडी असो वा नसो, ह्या बाबतीत सारखाच.

पिक्सेलचा हिशेब

जाहिरातीतला '८के', म्हणजे फ्रेमच्या रुंदीत सुमारे आठ हजार पिक्सेल (चित्राचे ठिपके), हा आकडा इथे फसवा ठरतो. मेटा क्वेस्ट ३ सारखं हेडसेट ८१९२ बाय ४०९६ पिक्सेलच्या आसपासची फ्रेम नीट चालवतं. म्हणजे साधारण ३ कोटी ३५ लाख पिक्सेल. एवढेच पिक्सेल तीन तऱ्हांनी खर्च करता येतात.

साध्या ३६० मध्ये ८१९२ पिक्सेल पूर्ण वर्तुळावर पसरतात: एका अंशाला सुमारे २३. १८० थ्रीडीमध्ये प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ४०९६ पिक्सेल येतात, पण पसरायचे फक्त १८० अंशांवर, म्हणजे पुन्हा २३. थोडक्यात, पाठीमागची बाजू विकली आणि त्याच पैशात दुसरा डोळा विकत घेतला. बारकावा तोच राहिला. ३६० थ्रीडीला मात्र पूर्ण गोलही हवा आणि दोन डोळेही. मग फ्रेम ५७६० बाय ५७६० ची करावी लागते आणि बारकावा अंशाला १६ वर घसरतो. क्वेस्ट ३ चा पडदा अंशाला सुमारे २५ पिक्सेल दाखवू शकतो, क्वेस्ट २ आणि ३एस चा सुमारे २०. म्हणजे पहिल्या दोन तऱ्हा पडद्याच्या कुवतीला जवळपास भिडतात आणि तिसरी धूसर दिसते.

३६० थ्रीडीची अडचण एवढ्यावर थांबत नाही. त्यासाठी अनेक लेन्सचा कॅमेरा लागतो. इन्स्टा३६० प्रो २ ह्या कॅमेऱ्याला सहा लेन्स आहेत. सहा चित्रं जोडून दोन डोळ्यांचे दोन गोल शिवायचे, आणि एखादी काकू नेमकी शिवणीवर हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी राहिली की तिचा हात मनगटापाशी सरकलेला दिसतो. वर छताकडे किंवा खाली सतरंजीकडे बघितलं की खोलीचा भास विरतो. घरगुती कामासाठी ह्या पर्यायाचा मी विचारही करणार नाही. पैसे, संगणकाचे तास आणि डोकेदुखी, तिन्ही जास्त.

आणखी एक गैरसमज वरचेवर भेटतो: ३६० कॅमेऱ्याला दोन लेन्स आहेत, म्हणजे थ्रीडी येणारच. येत नाही. इन्स्टा३६० एक्स४ सारख्या कॅमेऱ्यात दोन लेन्स पाठीला पाठ लावून असतात, एक पुढे बघते आणि दुसरी मागे. थ्रीडीसाठी दोन्हींनी एकाच दिशेला, डोळ्यांइतक्या अंतरावरून बघावं लागतं. मोठ्या माणसाच्या बुबुळांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं. कॅननच्या आरएफ ५.२ मिमी ड्युअल फिशआय लेन्समध्ये ते ६० मिलिमीटर ठेवलंय. २०२१ मध्ये आलेली ही लेन्स ईओएस आर५ सारख्या कॅमेऱ्यावर बसते. कॅमेरा आणि लेन्स मिळून प्रकरण काही लाखांत जातं, म्हणून विकत घेण्याऐवजी एका दिवसाच्या भाड्याचा विचार करा, किंवा हे काम करणाऱ्यालाच बोलवा.

७८ ला मीटरने भागा

६० मिलिमीटर अंतरावरच्या दोन लेन्स आणि अंशाला २३ पिक्सेल, एवढं धरलं तर जवळची वस्तू आणि खूप दूरची पार्श्वभूमी यांच्यात दोन डोळ्यांना दिसणारा फरक किती पिक्सेलचा, हे झटकन काढता येतं: ७८ ला मीटरमधल्या अंतराने भागायचं. १ मीटरवर ७८ पिक्सेल, २ मीटरवर ३९, १० मीटरवर ८, आणि ४० मीटरवर २. त्यापुढे थ्रीडी जवळपास फक्त नावाला उरतं.

हाच हिशेब आपल्याकडच्या जागांना लावून बघा. नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरात आजी पुरणपोळ्या लाटतेय आणि कॅमेरा दीड मीटरवर आहे. फरक ५२ पिक्सेल. पोळपाट, लाटणं, मागची कपबशांची मांडणी, प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी उभी राहते. इथे १८० थ्रीडीला तोड नाही. साध्या ३६० मध्ये हीच आजी एका मोठ्या वक्र पडद्यावर छापल्यासारखी दिसेल, आणि पाठीमागे बघायला मिळेल फ्रिज.

गडकरी रंगायतनच्या बाजूने मासुंदा तलाव घ्या. होड्या, पाणी, पलीकडची गर्दी, सगळं तीस-चाळीस मीटरच्या पुढचं. दोन डोळ्यांत फरक दोन पिक्सेलचा, आणि त्यासाठी निम्मा गोल सोडायचा? इथे साधं ३६० चांगलं. मान वळवली की तलावपाळीची सगळी संध्याकाळ सापडते, भेळेच्या गाडीसकट.

सभागृहातला कार्यक्रम असेल तर फसगत सहज होते. स्टेज समोर आहे म्हणून १८० निवडलं, आणि कॅमेरा दहा मीटरवर मधल्या रांगेत ठेवला. गाणारी मुलगी १० मीटरवर आणि मागचा पडदा १३ वर असेल तर दोघांतला फरक जेमतेम दोन पिक्सेल. तोच कॅमेरा ४ मीटरवर आणला आणि पडदा ७ वर असेल, तर फरक आठाच्या पुढे जातो. आयोजकांकडून पहिल्या रांगेपुढची जागा मिळत नसेल तर थ्रीडीचा नाद सोडा आणि चांगल्या झूमच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर काढा. हेडसेटमध्ये तो मोठ्या आभासी पडद्यावर छान दिसतो.

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेचं उत्तर उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. रस्त्याच्या मधोमध, पुढे ध्वज, मागे पथक, बाजूला रांगोळी अशी जागा असेल तर ३६०. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून सगळं एकाच बाजूला दिसत असेल तर १८० चालेल, पण खालचा रस्ता सात-आठ मीटर लांब आहे हे लक्षात ठेवा. थ्रीडीचा खरा फायदा गॅलरीच्या कठड्याला आणि शेजारच्या माणसांनाच मिळतो. आणि नेरुळच्या पाणथळीतल्या फ्लेमिंगोंसाठी ह्यातलं काहीच आणू नका. शंभर मीटरवरचा चार फुटी पक्षी अंशाला २३ पिक्सेलच्या चित्रात पंधरा-सोळा पिक्सेल उंच येतो. गुलाबी ठिपका म्हणून बरा.

१८० घेतलंत तर

चित्राच्या कडेला थ्रीडी मिळत नाही. अगदी बाजूला बघताना दोन लेन्स एकीमागे एक येतात, त्यामुळे त्यांच्यातलं उपयोगी अंतर शून्य होतं. ६० अंश बाजूलाच ते निम्म्यावर आलेलं असतं. महत्त्वाचं सगळं मधल्या १२० अंशांत ठेवा. अर्ध्या मीटरच्या आत कुणाला येऊ देऊ नका. हेडसेटची लेन्स डोळ्याला ठरावीकच अंतरावर नजर स्थिर करायला लावते, आणि नाकाशी आलेल्या मोदकासाठी डोळे तिरळे करावे लागतात. ही ओढाताण पाचेक मिनिटांत जाणवते.

उंचीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. कॅमेरा जिथे, तिथे बघणाऱ्याचे डोळे. जमिनीवरच्या पंगतीत कॅमेरा नेहमीच्या ट्रायपॉडवर पाच फुटांवर लावला तर भाचीला वाटेल आपण पाटावर नव्हे, स्टुलावर उभे आहोत आणि सगळे नातेवाईक बुटके झालेत. पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची मोजा आणि तिथे लावा. कॅमेरा पातळीत हवा, कारण आडवी रेषा कलली तर दोन डोळ्यांची चित्रं वर-खाली सरकतात आणि मेंदूला ती जुळवता येत नाहीत. ह्याच कारणाने बघणाऱ्यानेही मान खांद्यावर टाकून बघू नये. आणि कॅमेरा हातात घेऊन हॉलभर फिरू नका. शरीर खुर्चीत, डोळे चालतायत, ह्याने मळमळतं.

आयफोनचं काय?

आयफोन १५ प्रो पासून स्पेशियल व्हिडिओ मिळतो, फोन आडवा धरून. प्रत्येक डोळ्याला १०८० पी, ३० फ्रेम्स, मिनिटाला सुमारे १३० एमबी. हा गोलावर चढत नाही, समोर एका चौकटीत दिसतो. फोनच्या दोन लेन्स एकमेकींना खेटून असल्यामुळे खोली बेताची येते, म्हणून अ‍ॅपल माणसांपासून ३ ते ८ फुटांवर राहायला सांगतं. त्या अंतरात, भरपूर उजेडात, बारशाच्या पाळण्याशी किंवा केक कापताना हे फार गोड दिसतं. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये चित्र दाणेदार होतं. 'तिथं बसल्यासारखं' वाटत नाही, पण खर्च शून्य आणि कुणाच्या पायात ट्रायपॉड येत नाही. अ‍ॅपलच्या व्हिजन प्रो हेडसेटशिवाय मेटा क्वेस्टवरही २०२४ पासून असे व्हिडिओ बघता येतात. हाती हा फोन असेल तर मुख्य चित्रीकरण काहीही निवडा, पण अधूनमधून हेही काढत राहा.

तिकडे हेडसेट कुठलं आहे ते आधी विचारा. मोबाइल आत घालायचं खोकं असेल, जसं २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आलेलं जिओडाइव्ह, तर एकाच फोनचा पडदा दोन डोळ्यांत वाटला जातो आणि बारकावा निम्म्यावर येतो. तेवढ्यासाठी ८के थ्रीडीवर पैसे घालू नका.

फाइल पाठवताना

१०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिटचा) व्हिडिओ तासाला ४५ जीबी होतो. तास पाठवूच नका. दहा-बारा मिनिटं निवडून ड्राइव्हची लिंक द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकला तर तो दाबून लहान होतो आणि सगळी मेहनत पाण्यात. फार तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीच्या आत. फाइलच्या नावात १८०, आणि शेजारी-शेजारी असेल तर एलआर किंवा एसबीएस, वर-खाली असेल तर टीबी असं रोमन लिपीत घाला. डिओव्हीआर, स्कायबॉक्स यांसारखे प्लेअर नावावरूनच मांडणी ओळखतात. समोर दोन आज्या शेजारी-शेजारी दिसल्या तर फाइल बिघडलेली नाही, प्लेअरमध्ये मांडणी चुकीची निवडली गेलीय.

डावं-उजवं उलटं झालंय का, हेही पाठवण्याआधी तपासा. कॅननच्या लेन्समधून चित्रं सेन्सरवर अदलाबदल होऊनच उतरतात, आणि त्यांचं ईओएस व्हीआर युटिलिटी सॉफ्टवेअर ती सरळ करून देतं. ती पायरी राहून गेली तर खोली उलटी होते, भिंत पुढे आणि माणूस मागे, आणि बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही. तपासणी सोपी आहे. जवळच्या एखाद्या वस्तूकडे आळीपाळीने एकेक डोळा मिटून बघा. फक्त उजव्या डोळ्याने बघताना ती मागच्या भिंतीच्या तुलनेत डावीकडे सरकली पाहिजे. उजवीकडे सरकली तर व्हिडिओवाल्याला फोन करा आणि दुरुस्त फाइल मागून घ्या.