अकरा जणांचा वर्ग: छोट्या कॉलेजात नाटक शिकताना 14 महिने

नाट्यशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातले 14 महिने झाले. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. विभाग म्हणजे दोन खोल्या, एक गोदाम आणि अख्ख्या कॉलेजला मिळून असलेलं एक सभागृह. वर्गात आम्ही 11 जण. पूर्णवेळ शिकवणारे दोघंच, एक सर आणि एक मॅडम. बाकीचे पाहुणे येऊन-जाऊन. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मी विभागातच समोरासमोर बोलले आहे. प्रवेश घ्यायच्या आधी मी असा कुणाचा अनुभव खूप शोधला होता, मिळाला नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

मी इथे आले ती नटी व्हायला. त्याआधी चार वर्षं एकांकिका केल्या होत्या. कॉलेजातल्या नाटकवाल्या मुलांचं अर्धं वर्ष कसं जातं ते माहीत असलेल्यांना सांगायला नको. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, 1963 पासून चालू आहे, त्याचा भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर. त्या वातावरणात वाढल्यामुळे नाटक म्हणजे हेच तीन, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. लाइट कोण लावतं, फ्लॅट, म्हणजे सेटच्या कापडी भिंती, कोण उभे करतं, याकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. इथे पहिल्या आठवड्यात सरांनी कामाची पाटी लावली, तर माझ्या नावापुढे ‘प्रॉपर्टी आणि प्रकाश’, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू आणि दिवे. भूमिका नाहीच. त्या रात्री मी घरी फोन करून रडले, हे खरं आहे. आज मला विचाराल तर या 14 महिन्यांत अभिनयाचं जे काही हाती लागलं, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या गोदामात लागलं.

कसं, ते सांगते. दुसऱ्या सत्राच्या नाटकात मला छोटी भूमिका होती आणि प्रॉपर्टीही माझ्याकडेच. एका प्रवेशात पाण्याची कळशी कमरेवर घेऊन यायचं, ओट्यावर ठेवायची आणि मग पहिलं वाक्य. मी रिकामी कळशी घेऊन जडपणाचा अभिनय करत होते. खांदा वाकवला, धापा टाकल्या, सगळं केलं. मॅडम शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “बाई, रिकामी आहे, इथपर्यंत कळतंय.” दुसऱ्या दिवशी मी कळशी गळ्यापर्यंत भरली आणि तालीम केली. पाणी डुचमळून साडीवर सांडलं आणि शरीर आपोआप बदललं. कमरेची एक बाजू बाहेर निघाली, मोकळा हात लांब गेला, पावलं छोटी झाली. धापा कुठेच नव्हत्या, कारण रोज पाणी भरणारी बाई धापा टाकत नाही. सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते ओट्यापाशी. कळशी खाली ठेवली की क्षणभर श्वास सुटतो, आणि वाक्य त्या सुटलेल्या श्वासावर येतं. पाच दिवस भरलेल्या कळशीने तालीम केली, मग रोज थोडं थोडं पाणी कमी केलं. प्रयोगाला तळाशी तांब्याभर पाणी होतं, फक्त आवाजापुरतं. भूमिका करणारी आणि प्रॉपर्टी सांभाळणारी दोन वेगळी माणसं असती तर हे झालंच नसतं. वर्ग लहान असल्याचा खरा फायदा हा. माणसं कमी म्हणून प्रत्येकाला सगळंच करावं लागतं.

प्रकाशाचंही तसंच. आमच्याकडे आठ पार, म्हणजे डब्यासारखे झोताचे दिवे आहेत, जुने हॅलोजनचे, 1000 वॉटचे. शिवाय दोन फ्रेनेल, म्हणजे मऊ कडेच्या उजेडाचे दिवे, आणि उजेड कमी-जास्त करायचा सहा चॅनेलचा एक डिमर. पहिल्या रंगीत तालमीला मी एकाच 16 अँपिअरच्या लाइनवर पाच पार जोडले आणि नाटक ऐन रंगात असताना एमसीबी पडला. सगळीकडे काळोख. मंडपाचा लाइटचा धंदा करणारे एक दादा आम्हाला शिकवायला येतात, त्यांनी रागावण्याऐवजी वही काढायला लावली. 1000 भागिले 230, म्हणजे एका पारला साधारण 4.35 अँपिअर. तीन लावले तर 13, चौथा लावला की 17 च्या वर. म्हणजे एका लाइनवर तीनच. आता कुठल्याही हॉलमध्ये गेले की माझी नजर आधी मेन बोर्डाकडे जाते. जिलेटिनचंही, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदाचंही, असंच एकदा करून बघितल्यावर समजलं. आम्ही रात्रीच्या प्रवेशाला छान गडद निळा लावला आणि नायिकेला लाल साडी. निळ्यात ती लाल साडी काळी ठिक्कर दिसली. वेशभूषा करणाऱ्याने आणि प्रकाशयोजना करणाऱ्याने एकत्र बसायचं असतं हे पुस्तकात होतंच, पण त्या साडीनंतर आम्ही बसायला लागलो.

सैद्धांतिक बाजूबद्दल थोडक्यात. भरताचं नाट्यशास्त्र, पाश्चात्य रंगभूमी, मराठी रंगभूमीचा इतिहास हे तिन्ही पेपर आहेत. पहिल्यांदा नोट्स पाठ करण्यापलीकडे काही वाटलं नव्हतं. मग सरांनी एकदा मैदानावर चुना आणि दोरी घेऊन नेलं. भरताने सांगितलेलं विकृष्ट मध्यम, म्हणजे मधल्या आकाराचं लांबट नाट्यगृह 64 हात लांब आणि 32 हात रुंद, तर हाताला दीड फूट धरून 96 बाय 48 आखायला लावलं. त्याचे दोन भाग, पुढचा प्रेक्षकांचा, मागचा रंगपीठ (खेळायची जागा) आणि नेपथ्यगृहाचा (नटांच्या तयारीची जागा). मग एकाला रंगपीठावर उभं करून बोलायला सांगितलं आणि आम्ही त्याच्यापासून सगळ्यात लांबच्या चुन्याच्या रेघेवर बसलो. याहून मोठं नाट्यगृह बांधू नये, आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव पोचत नाहीत, असं त्यात का म्हटलंय ते तिथे बसून उमगलं. आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), सात्त्विक (आतल्या भावाचा) यांच्या बरोबरीने आहार्य, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि मंचावरच्या वस्तू, हाही अभिनयच मानलाय, हे तर मला आता फार जवळचं वाटतं. 5 नोव्हेंबरला, म्हणजे रंगभूमी दिनाला, 1843 च्या सांगलीतल्या विष्णुदास भाव्यांच्या पहिल्या प्रयोगाबद्दल व्याख्यान न ठेवता सरांनी आम्हाला विचारलं, तेव्हा वीज नव्हती, तर उजेड कशाचा आणि तो नटाच्या कुठल्या बाजूने येणार? दोन तास त्यावरच गेले. असे तास मी विसरणार नाही.

आता तक्रारी. सभागृह आमचं नाही, हे सगळ्यात मोठं दुखणं. चर्चासत्र, रक्तदान शिबिर, निरोप समारंभ, काहीही असलं की रात्रीतून सेट उतरवायचा. गेल्या प्रयोगाच्या तयारीत तीनदा उतरवला. त्यातून सुट्या खिळीच्या बिजागऱ्या लावून फ्लॅट जोडायला आणि 20 मिनिटांत मोकळे करायला शिकलो, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. नटाला जागा अंगवळणी पडायला दिवस लागतात. ते दिवसच मिळत नाहीत.

पाहुण्यांच्या कार्यशाळा तीन दिवसांच्या. माणसं मोठी येतात, मनापासून शिकवतात, पण चौथ्या दिवशी त्यांनी दिलेल्या व्यायामावर बोलायला कुणी नसतं. आवाजाचं काम मला सर्वात जास्त हवं होतं आणि तेच सर्वात कमी झालं. गाण्याला नियमित शिक्षक नाही. मराठी नाटक शिकवणाऱ्या विभागात गाणं नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरी गोष्ट परीक्षेची. बाहेरून येणारे परीक्षक प्रयोग बघतात, दोन प्रश्न विचारतात, गुण देतात. महिनाभर रात्री जागून लिहिलेली क्यूशीट (कुठल्या क्षणाला कुठला दिवा याची यादी) आणि तालमीची वही त्यांनी उघडलीही नाही. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला स्वतंत्र पारितोषिकं असतात, मग शिकवणाऱ्या जागी त्या कामाला वेगळे गुण का नसावेत? हे मी मॅडमना विचारलं. पुढच्या सत्रापासून वही आधी तपासून घेऊ, असं त्या म्हणाल्या आहेत. बघू.

खर्चाचं म्हणाल तर फी परवडते, पण वरखर्च धरून चाला. मेकअपचा पॅनकेक, दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गम, तालमीचे कपडे, रात्री उशिराची रिक्षा. मुलींनी राहायची सोय कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावरच बघावी, कारण तालीम 10 च्या आत क्वचित सुटते. माझ्या घरी यावरून बरेच दिवस अबोला होता. शेवटी आई एका रात्री तालीम बघायला आली. आम्ही फ्लॅटवर मांजरपाट ताणून खिळे मारत होतो. थोडा वेळ बघून तिने पदर खोचला आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. त्यानंतर फोनवर ‘कधी येणार’ऐवजी ‘जेवलीस का’ एवढंच विचारते.

मालिकांत लवकर काम मिळावं म्हणून कुणी इथे येत असेल तर स्पष्ट सांगते, त्यासाठी मुंबईत जाऊन ऑडिशन देणं जवळचं. इथे ओळखी होत नाहीत. आमच्या आधीच्या बॅचमधले काही जण शाळेत नाट्यशिक्षक आहेत, एक जण लाइटचं काम करतो, दोघी स्वतःचा ग्रुप चालवतात. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र यांच्याशी साधनांची तुलना करू नका, निराशा होईल. मी दोन्हीकडे अर्ज करणार होते, घरच्या परिस्थितीमुळे केला नाही. सुरुवातीला त्याची हुरहुर फार होती. कळशीनंतर ती बरीच कमी झाली.

तुमच्या जवळ असा छोटा विभाग असेल तर प्रवेशाआधी माहितीपत्रक वाचून ठरवू नका. संध्याकाळी सहानंतर जा. गोदाम उघडून दाखवा म्हणावं, आणि किल्ली कुणाकडे असते ते विचारावं. आमच्याकडे पहिले तीन महिने ती ऑफिसात असायची आणि ऑफिस साडेपाचला बंद व्हायचं. आता ती विद्यार्थ्यांकडे असते, या सत्रात माझ्याकडे आहे. ते दार पावसाळ्यात फुगतं, खालून थोडं उचलून ढकलावं लागतं.