राजापूरजवळची सड्यावरची फेरी: ५ पैकी ४ तारे

गणपतीनंतर राजापूरकडे जाणार असाल तर गावातल्या होमस्टेवाल्यांची सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, किडे खाणारी झाडं दाखवणारी सकाळची फेरी नक्की घ्या. माणशी ४०० रुपये, त्यात चहा-घावणे आले. एका वेळी दहाच माणसं नेतात, हे फार बरं करतात.

गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवायची. पुढे उघड्या कातळावरूनच चालायचं, ओल्या हिरवळीत पाय टाकायचा नाही, हे वाटाड्या दादांनी निघतानाच बजावलं. ते का, हे खाली वाकल्यावर कळतं. दवबिंदू नावाचं किडे खाणारं रोप वीतभरही नसतं. भिंगातून पाहिलं तर पानावरच्या प्रत्येक लाल केसाच्या टोकाला चिकट थेंब होता. एका पानावर चिलट अडकलेलं, आजूबाजूचे केस त्याच्यावर वळलेले. शेजारच्या पाणथळ जागेत ‘सीतेची आसवं’ या दुसऱ्या कीटकभक्षी रोपांची जांभळी फुलं. त्यांचे सापळे चिखलात असतात, टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या. बारीकसा जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो.

कातळावरच्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून ही झाडं किडे खातात. तिथं खतमाती पडली की गवत माजतं आणि यांना ऊनच मिळत नाही. दादांनी पलीकडचा सडा दाखवला. सुरुंग लावून पाडलेले खड्डे, त्यांत बाहेरून आणलेली माती, हापूसची कलमं. त्याच्याही पुढे चिरेखाण, म्हणजे बांधकामाचे चिरे कापायची खाण. आमचीही कलमं आहेत, पण हे बघून पोटात कालवलं. ही रोपं दिवाळीनंतर सुकतात, बी त्याच मातीत राहतं. खोदायचं मशीन येतं उन्हाळ्यात, तेव्हा सडा नुसता काळा ठणठणीत, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. इथं काही होतं हे मालकाला सांगणार कोण? साताऱ्याजवळच्या कास पठाराला निदान २०१२ पासून जागतिक वारशाचं नाव आहे, पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आहे. कोकणातले कितीतरी सडे खासगी आहेत, त्यांना असं कुठलंच कवच नाही.

आमच्यातल्या एकीनं कुंडीत लावायला रोप मागितलं. दादांनी साफ नाही म्हटलं, ते मला फार आवडलं. बागेच्या खतमातीत ते जगतही नाही.

एक तारा कापला तो भिंगांसाठी. दहा जणांत तीनच, त्यामुळे मुलं ताटकळली. तुमचं भिंग असेल तर घेऊन जा. बूट शेवाळावर न घसरणारे हवेत. आणि ऑक्टोबर उलटायच्या आत जा, पुढे पाणी आटतं.