फॅसिलिटी मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा: वर्षभराचे शनिवार-रविवार घातले, पैसे वसूल झाले का?

आमच्या आईला कोणी विचारलं की मुलगी काय करते, तर ती सांगते "हिंजवडीला एका कंपनीची बिल्डिंग सांभाळते", आणि समोरचा हमखास विचारतो, म्हणजे सोसायटीचा मॅनेजर असतो तसं का? आधी राग यायचा. आता मी सरळ हो म्हणून टाकते, कारण खरंच तसंच आहे, फक्त इथे लिफ्ट बंद पडली की दोन हजार लोक एकदम मेल टाकतात. मी मूळची हॉटेल मॅनेजमेंटवाली, चार वर्षं हॉटेलात हाऊसकीपिंग केलं, मग आयटी पार्कात आले, आता असिस्टंट फॅसिलिटी मॅनेजर आहे. पण जे काही येतं ते कोणाच्या ना कोणाच्या शिव्या खाऊन आलेलं, आणि प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला दोनदा "टेक्निकल बॅकग्राउंड नाही" ऐकून घेतलं, म्हणून ठरवलं की एकदाचं रीतसर शिकून टाकू.

कोर्स पुण्यातलाच, एक वर्षाचा, वर्किंग लोकांसाठी, शनिवार-रविवार, निम्मे क्लास ऑनलाइन निम्मे वर्गात. फी दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७ हजार आणखी, जे ब्रोशरमध्ये अगदी बारीक अक्षरात होतं. संस्थेचं नाव लिहीत नाहीये, इनबॉक्समध्ये पण विचारू नका, तिथल्या एका सरांकडनं रेकमेंडेशन लेटर अजून यायचंय.

पहिल्या दिवशी वर्गात बघितलं तर सगळी जत्रा. दोन रिटायर्ड फौजी, एक नेव्हीतून आलेले इंजिनिअर, तीन-चार डिप्लोमा इलेक्ट्रिकलवाले, माझ्यासारखे हॉटेलवाले, एक हॉस्पिटलची अ‍ॅडमिन बघणारी बाई, बाणेरच्या मोठ्या सोसायटीचा इस्टेट मॅनेजर, आणि दोन फ्रेशर पोरं ज्यांना बीबीए झाल्यावर एमबीएला नंबर लागला नाही म्हणून घरच्यांनी इथे पाठवलेलं. आता एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एकच सिलॅबस शिकवायचा म्हणजे कोणाला तरी बोअर होणारच. पहिला महिना मला वाटलं पैसे गेले. फॅसिलिटी मॅनेजमेंट म्हणजे काय, आयएसओ ४१००१ हे स्टँडर्ड २०१८ मध्ये आलं, त्यात माणसं, जागा आणि कामाची पद्धत या तिन्हीची सांगड कशी, हे सगळं स्लाइड वाचून. एक गोष्ट मात्र कळली जी नऊ वर्षं नोकरी करून मला माहीत नव्हती, की आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत अ‍ॅसेट आणि फॅसिलिटी मॅनेजमेंटसाठी वेगळा भाग आहे, भाग १२. मी फक्त फायरचा भाग ४ ऐकून होते. सोमवारी ऑफिसात येऊन सीनियरला सांगितलं तर त्यांना पण माहीत नव्हतं, मग जरा बरं वाटलं.

खरा कोर्स माझ्यासाठी सुरू झाला तो फायनान्सच्या मॉड्यूलपासनं. मला वाटलेलं बॅलन्स शीट वगैरे शिकवून झोपवतील. सरांनी बोर्डावर एक पंप काढला. १५ किलोवॅटची मोटर, दिवसाला २० तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६००० तास, म्हणजे ९० हजार युनिट. युनिटला १० रुपये धरा, वर्षाला ९ लाख. दहा वर्षांत ९० लाखांची वीज. आणि पंप केवढ्याला आणला? दीड लाखाला. म्हणजे ज्या किमतीवरून पर्चेसवाल्यांशी आपण महिनाभर भांडतो ती वीजबिलाच्या दोन टक्के पण नाही. आता दुसरा पंप ६० हजारांनी महाग आहे पण पाच टक्के वीज कमी खातो, वर्षाला ४५ हजार वाचले, सोळा महिन्यांत जास्तीचे पैसे परत, पुढची साडेआठ वर्षं फुकट. झालं. एवढंच. पाचवीतलं गणित आहे, पण मी इतकी वर्षं प्रपोजलमध्ये "जुना पंप वारंवार बिघडतो, कृपया बदलून मिळावा" असं अर्जासारखं लिहीत होते आणि तो अर्ज दरवर्षी नाकारला जात होता. त्याच महिन्यात मी आमच्या चिलर प्लँटच्या, म्हणजे एसीचं पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेच्या, दोन पंपांची हीच मांडणी केली, रनिंग अवर्स लॉगबुकातले, रेट महावितरणच्या बिलावरचा, एक पान फक्त, आणि फायनान्सवाल्या साहेबांनी पहिल्यांदा मला खुर्ची देऊन बसवलं. एक पंप मंजूर झाला. दुसरा "नेक्स्ट क्वार्टर", तो काही आला नाही अजून.

या एका मॉड्यूलसाठी मी अर्धी फी द्यायला तयार आहे.

उरलेल्यातली बरीचशी फायरच्या सरांना. अग्निशमन दलातून रिटायर झालेले गृहस्थ, स्लाइड नाही काही नाही, खिशात टॉर्च. ते आम्हाला एका मॉलच्या पंप रूममध्ये घेऊन गेले. लाल रंगाचे चकाचक पंप, जॉकी (लाइनचं प्रेशर टिकवणारा छोटा पंप), मेन, डिझेल, भिंतीवर फ्रेम केलेला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट. महाराष्ट्राच्या २००६ च्या फायर कायद्याप्रमाणे हा दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडनं द्यावा लागतो, आमच्याकडे पण तो आला की फाइलला लावून आपण मोकळे. सर म्हणाले, बघा सगळं, दहा मिनिटं देतो, काय चुकलंय सांगा. आम्ही पंचवीस जण, त्यात नेव्हीचा इंजिनिअर, सगळे व्हॉल्व्ह बघतोय, प्रेशर गेज बघतोय, डिझेलची पातळी बघतोय. कोणाला सापडलं नाही. सरांनी टॉर्च पॅनलवर मारला. मेन पंपाचा सिलेक्टर स्विच मॅन्युअलवर होता. म्हणजे आग लागली, स्प्रिंकलर फुटला, लाइनचं प्रेशर पडलं, तरी तो पंप आपोआप सुरू होणारच नाही, कोणीतरी बेसमेंटमध्ये पळत येऊन बटण दाबेपर्यंत. तिथला पंप ऑपरेटर म्हणाला मॅडम रात्री उगाच सुरू होतो म्हणून ठेवला. उगाच सुरू होतो म्हणजे लाइनला कुठेतरी लीकेज आहे आणि जॉकी पुरत नाहीये, हे शोधायचं सोडून स्विच फिरवलेला. मी बसमध्ये बसल्या बसल्या आमच्या शिफ्ट इंजिनिअरला फोन लावला की आत्ता जाऊन आपला स्विच बघा आणि फोटो पाठवा. ऑटोवर होता, पण तो फोटो येईपर्यंतची सात मिनिटं कशी गेली विचारू नका.

आता रडगाणं. टेक्नॉलॉजीचं मॉड्यूल निव्वळ पाटी होती. ब्रोशरवर स्मार्ट बिल्डिंग, आयओटी, डिजिटल ट्विन असं सगळं लिहिलेलं, प्रत्यक्षात मेंटेनन्स सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट दाखवले, लॉगिन एकालाही दिलं नाही. बीएमएसवर, म्हणजे बिल्डिंगची यंत्रणा चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, एएचयूचा (थंड हवा सोडणारं एसीचं युनिट) सेट पॉइंट बदलून दाखवला असता तरी हॉटेलवाल्यांचं भलं झालं असतं. सरावाला दिलेलं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वार्षिक शेड्यूल तर कोणत्यातरी अमेरिकन पुस्तकातनं उचललेलं, त्यात डिसेंबर ते फेब्रुवारी बर्फ काढायचा कॉलम होता!! पुण्यात. आणि मे महिन्यात जे आमचं कंबरडं मोडतं, टेरेसचे पावसाळी आउटलेट साफ करणं, बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी उपसणारे संप पंप चालवून बघणं, ड्रेनेजचे चेंबर उपसणं, त्याचा पत्ताच नाही. सोसायटीवाल्या दादांनी विचारलं, सर हे बर्फाचं आपण पावसाळ्याचं करून घेऊ का, तर उत्तर आलं की परीक्षेत जसं आहे तसं लिहा.

माझा खरा राग मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये रोज एकशे दहा माणसं कंत्राटावर काम करतात, हाऊसकीपिंगच्या मावश्या, सिक्युरिटी, पँट्रीवाले, टेक्निशियन, माळी, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) ऑपरेटर. माझ्या बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा तोच आणि माझं निम्मं डोकं पण तिथेच जातं. अख्ख्या वर्षात यावर किती वेळ दिला? "व्हेंडर मॅनेजमेंट" नावाचे दोन तास, त्यात एसएलए (सेवा कशी द्यायची त्याचा करार), केपीआय (काम मोजायचे निकष), स्कोअरकार्ड, पेनल्टी. कोटेशन कसं वाचायचं हे नाही सांगितलं. म्हणजे कसं, मावशी आठवड्यात सहा दिवस येणार, सातव्या दिवशी तिच्या जागी रिलीव्हर लागतो, म्हणजे पगाराच्या एकषष्ठांश, १६.६७ टक्के, रिलीव्हर चार्ज कोटेशनमध्ये असायलाच पाहिजे. नसेल तर एकतर तिला सुट्टी नाही किंवा त्या दिवशी मजला झाडला जाणार नाही. तसंच एजन्सीने सर्व्हिस चार्ज एक टक्का लावला, माणशी बिल २० हजार, तर एजन्सीला सुटणार २०० रुपये, त्यात युनिफॉर्म, सुपरवायझर, ऑफिस, नफा. होईल का? नाही ना. मग तो पैसा कुठून येणार, हजेरीपटावरच्या भुतांकडनं नाहीतर पीएफच्या चलनातनं. हे मला आमच्या आधीच्या एका सुपरवायझरने चहाच्या टपरीवर शिकवलं, दीड लाख न घेता.

आणि एसटीपी. मी वर्गात विचारलं की टाकी साफ करायला माणूस आत उतरवायची वेळ आली तर प्रोसिजर काय, गॅस टेस्टिंग, वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी), माणसाला वर ओढायचा ट्रायपॉड, बाहेर उभा राहणारा माणूस, हे कोणी बघायचं. सर म्हणाले ते व्हेंडरच्या स्कोपमध्ये येतं. अहो सर, २०१३ चा कायदा आहे, संरक्षणाशिवाय माणूस गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, आणि दर काही महिन्यांनी कुठल्यातरी सोसायटीच्या टाकीत गुदमरून माणसं गेल्याची बातमी येते ती आपल्याच धंद्यातली असते. पदव्युत्तर म्हणवणाऱ्या कोर्समध्ये याला एक स्लाइड नसावी? फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय मी, बघू.

दुसरं एक गमतीचं. कंडिशन मॉनिटरिंगच्या क्लासला व्हायब्रेशन अ‍ॅनालिसिस शिकवत होते, बेअरिंग जायच्या आधी कंपन कसं बदलतं वगैरे, चांगलं शिकवलं, पण मला सारखे आमच्या बिल्डिंगमधले काका आठवत होते. आयटीआय वायरमन, निवृत्तीला दोन वर्षं, ते लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि सांगतात, "मॅडम, दिवाळीपर्यंत चालंल, पुढं गॅरंटी नाय". मी क्लासमधनं शिकून मीटर मागवायचं प्रपोजल केलं, मीटर आलं, काकांनी कानाने सांगितलेला पंप आणि मीटरवर लाल दिसलेला पंप एकच निघाला. फरक एवढाच की काकांचा कान एक्सेलमध्ये चिकटवता येत नाही, मीटरचा ग्राफ येतो, आणि बजेट ग्राफला मिळतं. काकांना हे सांगितलं तर म्हणाले कान बी लावा की ग्राफात.

प्रोजेक्ट आपापल्या साइटवर करायचा होता, ते आवडलं. मी पाण्याचं ऑडिट केलं. बिल्डिंग कोडप्रमाणे ऑफिसात माणशी दिवसाला ४५ लिटर, अ‍ॅक्सेस कार्डच्या डेटाप्रमाणे रोज सरासरी १५०० माणसं, म्हणजे साडेसदुसष्ट हजार लिटर, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कूलिंग टॉवरचं पाणी वेगळं. आमचा खप त्याच्या कितीतरी वर, टँकर चालूच. गाइड मॅडमनी फक्त एकच सांगितलं, रात्री दोन ते चार मीटर बघ. दोन रात्री मुक्काम केला. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही आणि मीटर फिरतोय. कूलिंग टॉवरचा फ्लोट व्हॉल्व्ह अडकलेला, पाणी ओव्हरफ्लो होऊन थेट ड्रेनमध्ये, किती महिने देव जाणे. व्हॉल्व्ह काही शे रुपयांचा. दहा हजार लिटरचे रोजचे दोन टँकर बंद झाले. टँकरवाला तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

प्लेसमेंटबद्दल खूप जण विचारतात. ब्रोशरवर "१०० टक्के प्लेसमेंट असिस्टन्स" लिहिलंय, त्यातला असिस्टन्स हा शब्द नीट वाचा. दोन फ्रेशरपैकी एकाला हेल्पडेस्क एक्झिक्युटिव्हची नोकरी लागली, शिफ्टची, दुसरा अजून शोधतोय. ज्यांची आधीच नोकरी होती त्यांना फायदा झाला, नेव्हीवाल्या सरांना तर चांगलाच. म्हणून माझं स्पष्ट मत, कॉलेज संपवून लगेच हा कोर्स करू नका, आधी दोन-तीन वर्षं कुठल्यातरी बेसमेंटमध्ये घाम गाळा, डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) धुराचा वास घ्या, मग हे सगळं डोक्यात बसतं. नुसती पाटी हवी असेल तर इफ्मा या फॅसिलिटी मॅनेजर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं एफएमपी सर्टिफिकेट बघा, त्यात चार विषय आहेत, ऑपरेशन्स-मेंटेनन्स, प्रोजेक्ट, फायनान्स आणि लीडरशिप, नोकरी करता करता होतं, आणि अनुभव जास्त असेल तर त्यांचीच सीएफएम परीक्षा. ब्रिटिश लाइनने जायचं तर आयडब्ल्यूएफएम ही तिकडची याच धंद्याची संस्था, २०१८ पर्यंत तिचं नाव बीआयएफएम होतं त्यामुळे जुन्या लोकांच्या सीव्हीत तेच दिसेल. माझा मावसभाऊ दुबईला याच लाइनमध्ये आहे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे तिकडे पुण्याच्या डिप्लोमाला कोणी ओळखत नाही, ही अक्षरं ओळखतात. पण सीएफएमच्या पुस्तकात तुम्हाला फॉर्म बी मिळणार नाही आणि टॉर्चवाले सर पण नाहीत.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी तीन गोष्टी करा: डेमो लेक्चर मागा पण मार्केटिंगवाल्याचं नको, फायनान्सचं मागा, साइट व्हिजिट किती आणि कुठे ते लेखी घ्या, आम्हाला सहा सांगून तीनच दिल्या, आणि जीएसटी धरून फी विचारा.

पाचपैकी साडेतीन स्टार. सर्टिफिकेट कोर्स संपल्यावर चार महिन्यांनी कुरिअरने आलं, आडनावात एक अक्षर चुकलेलं, परत पाठवलं, परत आलं. टीमने हौसेने फ्रेम करून आणलीय, पण भिंतीला ड्रिल मारायचं तर वर्क परमिट लागतं, त्यावर सही माझी लागते आणि आज शुक्रवार, आमच्याकडे वीकडेला ड्रिलिंग बंद.