ज्येष्ठांच्या ताकदीची तपासणी : रत्नागिरीतील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

आईचे वय 72 आणि बाबांचे 77. दोघांनाही गेल्या महिन्यात या केंद्रात तपासणीसाठी नेले. हात न टेकता 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे येथे आधी मोजतात. या वयोगटांत स्त्रियांनी 10 पेक्षा व पुरुषांनी 11 पेक्षा कमी उठबशा केल्या, तर पडण्याचा धोका अधिक मानला जातो. आई 11 वेळा उठली, बाबा 10 वेळा. मुठीच्या ताकदीत मात्र चित्र उलटले. आशियाई निकषांनुसार पुरुषांसाठी 28 आणि स्त्रियांसाठी 18 किलो ही किमान मर्यादा आहे. बाबांची पकड 30 भरली, आईची 17.

स्त्रियांचे स्नायू मुळातच कमी असतात आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते, हे फिजिओथेरपिस्टताईंनी आईला फार आपुलकीने समजावले. जन्मभर रहाटाने पाणी ओढलेल्या आणि पाटावर बसून नारळ खवलेल्या आईला ते सहज पटले नाही, हेही मी समजू शकते. दोघांना व्यायाम वेगवेगळे दिले, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली.

एक त्रुटी मात्र गंभीर आहे : केंद्रात पोहोचण्यासाठी चिऱ्याच्या उंच पायऱ्या चढाव्या लागतात आणि त्यांना कठडा नाही. पावसाळ्यात त्या शेवाळतात, म्हणून कठडा तातडीने बसवावा.